शर्यतीच्या आधीचा पावसाळा

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ पहिल्यांदा झाली. तेव्हापासून पुणे, कोल्हापूर, नाशिक, मुंबईच्या धावणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या गटांत एक चर्चा दरवर्षी रंगते: यंदा नाव नोंदवायचे का? १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, तेही एकापाठोपाठ एक, साडेआठ तासांच्या आत. नावातला ७०.३ हा आकडा या तिन्ही अंतरांची मैलांतली बेरीज आहे. ही अर्धी शर्यत ज्यांनी पार केली, त्यांना मग पूर्ण आयर्नमॅन खुणावू लागते. तिथे ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची, वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन, आणि हातात १७ तास.

या चर्चेत प्रत्येक जण स्वतःला एकच गोष्ट विचारतो: मला झेपेल का? त्याचे उत्तर बहुतेकांना वाटते त्यापेक्षा सोपे आहे.

पूर्ण शर्यतीच्या वेळमर्यादा सुट्या करून पाहाव्यात. बहुतेक ठिकाणी पोहायला २ तास २० मिनिटे मिळतात, म्हणजे दर १०० मीटरला साडेतीन मिनिटांहून थोडी अधिक. तरणतलावात नियमाने पोहणाऱ्या मध्यम वेगाच्या माणसाला एवढ्या वेळात घाई करावी लागत नाही. सायकल संपवायची ती शर्यत सुरू झाल्यापासून साडेदहा तासांत. पोहण्यात सगळा वेळ घालवला तरी ताशी २२-२३ किलोमीटरची सरासरी पुरते. उरलेल्या साडेसहा तासांत मॅरेथॉन पूर्ण करायला ताशी साडेसहा किलोमीटर हवेत. तो झपाझप चालण्याचा वेग झाला. सुटेपणी यातला एकही वेग अचाट नाही. तिन्ही सलग जोडले की ते अवघड होते, आणि तो सलगपणा अंगात मुरायला महिनेच्या महिने लागतात. प्रकृती ठीक असलेल्या, चिकाटीच्या चाळिशीतल्या माणसाने वर्षभर नेमाने सराव केला, तर शर्यत पूर्ण होण्याची शक्यता चांगली असते. म्हणून निर्णय घ्यायचा तो त्या वर्षाबद्दल. शर्यतीचा एक दिवस हा त्याचा सर्वांत छोटा भाग.

आयर्नमॅन जन्मली तीच एका वादातून. हवाईतल्या ओआहू बेटावर अमेरिकी नौदलातला अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्याची पत्नी ज्युडी राहत. धावणारे अधिक दमदार की पोहणारे, की सायकलवाले, असा वाद मित्रमंडळीत निघाला. बेटावर आधीपासून होणाऱ्या तीन लांब पल्ल्यांच्या स्पर्धा एका दिवसात जोडायच्या, असे कॉलिन्सने सुचवले. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. त्या वेळी वाटेत पाणी देणारी आयोजकांची टेबले नव्हती. प्रत्येकाने आपापली माणसे गाडीतून सोबत आणली होती. जॉन डनबार दुसरा आला. त्याच्या माणसांकडचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. पहिल्या दिवसापासून हा एकट्याचा खेळ नव्हता, हे यातून दिसते. कोणीतरी दिवसभर त्याच्यासाठी गाडी हाकत होते.

जगाच्या लक्षात मात्र दुसरेच चित्र राहिले. फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस ही विद्यार्थिनी आपल्या अभ्यासाच्या प्रबंधासाठी या शर्यतीत उतरली. ती महिलांत आघाडीवर होती आणि शेवटची रेषा समोर दिसत असताना तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. तेवढ्यात कॅथलीन मॅककार्टनी तिला मागे टाकून जिंकली आणि मॉस रांगत रांगत रेषेपर्यंत पोचली. अमेरिकी दूरचित्रवाणीवर हे दृश्य दिसले आणि या खेळाची कीर्ती सर्वदूर झाली. मॉसच्या जिद्दीबद्दल आदरच वाटतो. पण हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून नाव नोंदवणे धोक्याचे आहे. त्या दृश्यामुळे कोसळणे हाच या खेळाचा कळस वाटू लागतो. चांगली तयारी केलेला माणूस थकून, पण शुद्धीत, स्वतःच्या पायांवर चालत शेवटाला येतो. त्याची चित्रफीत कोणी पुन्हा पुन्हा दाखवत नाही, एवढेच.

आता महाराष्ट्रातल्या माणसापुढचे वर्ष कसे असते ते पाहू. गोव्याची शर्यत २०२४ साली २७ ऑक्टोबरला होती, दिवाळीच्या तोंडावर. तिच्या आधीचे चार-पाच महिने म्हणजे जून ते ऑक्टोबर. आपला पावसाळा नेमका तेव्हाच असतो. परदेशी प्रशिक्षकांनी आखलेल्या तक्त्यांत रविवारी ‘चार तास सायकल’ असे लिहिलेले असते. जुलैतल्या रविवारी कात्रजच्या किंवा खंबाटकीच्या घाटात चार तास सायकल म्हणजे धुके, निसरडा डांबरी रस्ता, पाण्याने भरलेले खड्डे आणि पाठीमागे मालट्रक. कोकणात त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असतात. खुल्या पाण्याचा सराव करायचा तर तो तेव्हा समुद्रात होत नाही. तलावही फुगलेले आणि गढूळ असतात. घरात ट्रेनरच्या स्टँडवर सायकल चढवून भिंतीकडे बघत तीन-तीन तास पायडल मारावे लागते. पुढे सणांची रांग. सर्वांत लांब सरावाचे आठवडे गणपती आणि नवरात्रात येतात. घरी गौरी आल्या आहेत आणि तक्ता २० किलोमीटर पळायला सांगतो. नवरात्राचे नऊ दिवस उपास धरणाऱ्याला तर त्या नऊ दिवसांचा आहार आधीच बसवून ठेवावा लागतो, नाहीतर सराव आणि उपास दोन्ही बिघडतात.

हे सगळे निभावणारे लोक आहेत आणि त्यांचे कौतुकच करायला हवे. कोल्हापूरसारख्या शहरात दरवर्षी नवे नवे लोक या शर्यतींकडे वळतात, ते अशाच पावसाळ्यांतून. पण नाव नोंदवणाऱ्याने त्या पाच महिन्यांचे कॅलेंडर आधी समोर मांडायला हवे. निर्णय तिथेच होतो.

त्या कॅलेंडरवर घरातल्या इतरांचीही कामे असतात. अर्ध्या आयर्नमॅनसाठी आठवड्याला दहा-बारा तास, पूर्णसाठी त्याहून बरेच अधिक. हे तास येतात कुठून? नोकरीतून ते सहसा येत नाहीत. पहाटे साडेचारला एक जण सायकल घेऊन बाहेर पडतो, तेव्हा मुलांना उठवणे, डबे करणे, शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणे, आजारी सासूबाईंना औषध देणे, हे दुसरे कोणीतरी करत असते. रविवारची सकाळ सायकलवर जाते आणि दुपार झोपेत. आपल्याकडे हे दुसरे माणूस बहुधा बायको असते. तिची संमती मात्र अनेकदा पैसे भरून झाल्यावर विचारली जाते. हे चूक आहे, आणि शर्यतीत पदक मिळाले म्हणून ते बरोबर ठरत नाही.

बाईला उतरायचे असते तेव्हा हाच हिशेब उलटा होतो आणि अधिक कडक होतो. १९७९ साली लिन लेमेअरने आयर्नमॅन पूर्ण केली, ती असे करणारी पहिली स्त्री. म्हणजे स्त्रिया या खेळात दुसऱ्याच वर्षापासून आहेत. भारताच्या अनू वैद्यनाथनने तर २००९ मध्ये कॅनडातली तीन दिवसांची ‘अल्ट्रामॅन’ पूर्ण केली. नाशिकमध्ये वाढलेली अभिनेत्री सैयामी खेर हिने २०२४ मध्ये जर्मनीत अर्धी आयर्नमॅन पार केली. तरी आपल्या शर्यतींच्या आरंभरेषेवर बायका मोजक्याच दिसतात. कारण ताकदीत नाही, तासांत आहे. ज्या घरात नवऱ्याचा सराव पार पडावा म्हणून बायको पहाटे उठते, त्याच घरात बायकोच्या सरावासाठी नवरा डबा करेल का, हे विचारल्याशिवाय या खेळाबद्दल समतेची भाषा करू नये.

पाण्याबद्दल मात्र सर्वांना सारखेच स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडे धावण्यातून ट्रायथलॉनकडे, म्हणजे पोहणे-सायकल-धावणे या तिहेरी खेळाकडे, वळणारे पुष्कळ. त्यांना धास्ती असते ती मॅरेथॉनची किंवा सायकलच्या शेवटच्या पन्नास किलोमीटरची. प्रत्यक्षात धोक्याची जागा पहिली आहे. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा १९८५ ते २०१६ या काळाचा अभ्यास २०१७ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. अशा एकूण १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या. बळींतले ८५ टक्के पुरुष होते आणि सरासरी वय ४७ च्या आसपास. ज्यांचे शवविच्छेदन झाले, त्यांतल्या बऱ्याच जणांना आधीपासून हृदयाचा दोष होता आणि तो कळलेला नव्हता. प्रमाण अगदी कमी आहे, दर लाख सहभागींमागे दोनाहूनही कमी. घाबरून जाण्यासारखे त्यात काही नाही. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाने ईसीजी, ट्रेडमिल टेस्ट आणि टूडी एको करून डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पैसे भरू नयेत, इतके तरी त्यातून नक्की निघते.

त्यात तरणतलाव आणि समुद्र यांत फार अंतर आहे. तळाला काळी रेघ नाही, काठाला धरून दम घ्यायला भिंत नाही, आजूबाजूला शेकडो हातपाय. गोव्याचे पाणी उबदार असते. आयर्नमॅनच्या नियमांप्रमाणे पाणी साडेचोवीस अंशांहून गरम असले की हौशी स्पर्धकांना वेटसूट घालता येत नाही, त्यामुळे तरंगायला त्याची मदत मिळत नाही. युरोपातल्या थंड सरोवरात उलट होते: वेटसूट मिळतो, पण छाती आवळणाऱ्या त्या कपड्यात आणि गार पाण्यात श्वास सांभाळणे हे वेगळेच कौशल्य. मालवणला चिवला बीचवर दर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते, लहानमोठ्या अंतरांची. ज्याला गोव्याला उतरायचे आहे त्याने आदल्या डिसेंबरात तिथे पोहून पाहावे. लाटेचे खारट पाणी नाकातोंडात गेल्यावर आपण काय करतो, हे तिथे कळते आणि शर्यतीत कळण्यापेक्षा ते तिथे कळलेले बरे.

प्रसिद्ध माणसांची उदाहरणे या निर्णयात नेहमी पुढे केली जातात, आणि अर्धवट सांगितली जातात. मिलिंद सोमणने २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिचची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. ‘पन्नाशीतही जमते’ एवढेच त्यातून लोक उचलतात. सोमण तरुणपणी राष्ट्रीय विजेता जलतरणपटू होता आणि २०१२ मध्ये त्याने दिल्ली ते मुंबई हे १५०० किलोमीटर ३० दिवसांत धावून काढले होते, हे मागे राहते. पुण्याच्या डॉ. कौस्तुभ राडकर यांनी आयर्नमॅन कितीतरी वेळा पूर्ण केली, त्यांचीही मुळे पोहण्यात आहेत. ही माणसे थोर आहेतच. पण त्यांच्या मागे कित्येक वर्षांचा सराव होता आणि आपल्याकडे तो नसेल तर तेवढी वर्षे आपल्याला द्यावी लागतील.

याहून उपयोगी उदाहरण तेजस्वी सूर्या यांचे. बंगळुरूच्या या खासदारांनी २०२२ मध्ये गोव्यात रिले संघातून फक्त सायकल चालवली. त्यानंतर तयारी करून २०२४ मध्ये तिन्ही टप्पे स्वतः केले, ८ तास २७ मिनिटांत. मर्यादेला जेमतेम तीन मिनिटे उरली होती. राजकीय मते कोणाची काहीही असोत, एक टप्पा आधी करून मग तीन अंगावर घेण्याची ही रीत अनुकरण करण्यासारखी आहे. आणि ख्रिस निकिक. डाउन सिंड्रोम असलेला हा अमेरिकी तरुण नोव्हेंबर २०२० मध्ये फ्लोरिडात १६ तास ४६ मिनिटांत शेवटाला पोचला. डाउन सिंड्रोम असूनही आयर्नमॅन पूर्ण करणारा तो जगातला पहिला. शर्यतीत त्याचा मार्गदर्शक अखेरपर्यंत त्याच्याबरोबर होता. रोज आदल्या दिवसापेक्षा एक टक्का पुढे, एवढेच त्याच्या वडिलांनी आणि त्याने ठरवले होते. त्याच्या यशात घर किती आत गुंतलेले होते, हे त्याच्या सगळ्या कहाणीत दिसते.

नोंदणीचे दर मात्र टप्प्याटप्प्याने वाढत जातात, आणि स्वस्त दराची मुदत संपत आली की मित्रांच्या गटात ‘भरून टाक’ असे संदेश येऊ लागतात. ही घाई निर्णयाला वाईट वळण लावते. प्रवेशशुल्क, पाण्यातले आणि सायकलचे सामान, परदेशातली शर्यत असेल तर व्हिसा आणि विमानातून सायकल नेण्याचा खर्च, हे सगळे मिळून लाखांत जाते. एकदा पैसे भरले की मागे फिरायला लाज वाटते आणि दुखरा गुडघा घेऊन माणूस पळत राहतो.

त्यापेक्षा ज्या वर्षी उतरायचे त्याच्या आदल्या पावसाळ्यात एक आठवडा पूर्ण तक्त्याप्रमाणे जगून पाहावा. सोमवार ते रविवार, पहाटेचे सगळे सराव, घाटातली सायकल, रविवारचे लांब धावणे. कामावर वेळेवर पोचायचे, घरातली नेहमीची कामेही टाळायची नाहीत. रविवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना बसवून विचारावे, असे आणखी सोळा-अठरा आठवडे चालतील का? आईवडील, जोडीदार, मुले, प्रत्येकाला नाही म्हणायची खरी मोकळीक हवी. सगळ्यांकडून होकार आला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि डिसेंबरातल्या मालवणसाठी नाव नोंदवावे. नकार आला, तर गोव्यातच रिलेचा पर्याय आहे: तिघांनी मिळून एकेक टप्पा वाटून घ्यायचा, आठवड्याचे चार-पाच तास पुरतात, आणि पोहण्याची भीती असलेल्यालाही त्या किनाऱ्यावर धावता येते.