वाक्यासकट शब्द

मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठात बारावीनंतर कायदा शिकायचा, तर क्लॅट द्यावी लागते. २०२० पासून या परीक्षेतला इंग्रजीचा भाग उताऱ्यांवर बेतलेला आहे. सुमारे ४५० शब्दांचा उतारा असतो आणि त्यातला शब्द तिथे कोणत्या अर्थाने आला आहे, हेही विचारतात. तरी शब्दांच्या जाडजूड याद्या घोकणे काही थांबत नाही. ‘सँक्शन’ घ्या. बँकेने कर्ज सँक्शन केले म्हणजे मंजूर केले. एका देशाने दुसऱ्यावर सँक्शन्स लादल्या म्हणजे निर्बंध आले. यादीतला एकच अर्थ पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची मला विशेष काळजी वाटते. त्यांची मेहनत कमी नसते, ती घोकंपट्टीत वाया जाते. त्यांनी रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख वाचावा. अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी मागच्यापुढच्या ओळींवरून ताडावा, मगच शब्दकोश उघडावा आणि शब्द पूर्ण वाक्यासह वहीत उतरवावा. आठवड्याने अर्थ झाकून तीच वाक्ये पुन्हा वाचावीत. कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांनी इंग्रजीच्या तासाला दहा मिनिटे अशा वाचनासाठी राखून ठेवावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे.