'असूनही' कशाला?

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 25 जुलै 2024 रोजीं निवर्तले. आमच्या क्रांती चौकांतील सुशिक्षित घरांत अजूनही ऐकूं येतें, 'ख्रिस्ती असूनही मराठी काय सुरेख!' हा गौरव नव्हे, अपमान आहे. फादर स्टीफन्सचें क्रिस्तपुराण 1616 सालचें. चारशें वर्षांनंतरही 'असूनही' कशाला? वसईच्या किनाऱ्यावरील शेती-वाड्या बांधकामांखालीं जाऊं लागल्या आणि विहिरी टँकरांनीं उपसूं लागल्या, तेव्हां हा धर्मगुरु 'हरित वसई'च्या लढ्यांत अग्रभागीं उभा राहिला. 2020 सालीं उस्मानाबादेस (आतांचें धाराशिव) ते साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तर वाद माजला तो त्यांच्या धर्माचा! टँकरपुढें रांगा लावणाऱ्या मराठवाड्यानें तरी त्यांस विचारावयाचें होतें, फादर, विहिरींसाठीं लोक एकत्र कसे आणलेत?