‘तीन महिने गेले’ म्हणजे कुठे गेले?

ड्रॅगन मेला, खजिना वाटून झाला, आणि डीएम म्हणतो, “ओके, तीन महिने गेले. तुम्ही टॅव्हर्नमध्ये बसला आहात.” मला या वाक्याची चीड आहे. तीन महिने कुठे गेले? कोण कुठे राहिलं? जखमा कोणी बांधल्या?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या प्लेअर्स हँडबुकात वस्तू घडवायचा नियम आहे: दिवसाला ५ सोन्याच्या नाण्यांइतकं काम. प्लेट आर्मरची किंमत १५००. म्हणजे एकट्याने घडवायला ३०० दिवस. लोक हे वाचून हसतात आणि पान उलटतात. पण ३०० दिवस फायटर भट्टीपाशी घाम गाळत असताना मागच्या सेशनला निसटलेला नेक्रोमॅन्सर काय करतोय? चिलखत हवंय की गाव? एवढा मोठा निर्णय आपण एका वाक्यात गिळून टाकतो. नवी भाषा शिकायला २५० दिवस लागतात. मग शिकवतंय कोण? अख्खं एक पात्र फुकट मिळत होतं.

“आम्ही लढायला येतो, घरकाम करायला नाही,” हे ठरलेलं उत्तर. ग्रेग स्टॅफर्डचा ‘पेंड्रॅगन’ (१९८५) बघा. त्यात मोहिमेनंतर हिवाळा खेळतात: जमीन, लग्न, मुलं, वाढतं वय. नाइट मेला की खेळाडू त्याचा वारस घेऊन पुढे खेळतो. तिथे तलवार उपसताना हात थबकतो, कारण घरी कोणीतरी आहे. ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये चोरीनंतरचा ताण उतरवायला जुगारासारख्या एखाद्या नादाकडे वळावं लागतं, आणि अति झालं की नवी भानगड.

बोअर होतं ते डाउनटाइमची हिशेबवही केल्यावर. “फासा टाक. चौदा? घे पंचवीस नाणी.” याला मीही कंटाळेन. (आणि तक्त्यांवर तक्ते छापणारी पुस्तकंही यात निर्दोष नाहीत.)

मी दोन सेशनच्या मध्ये व्हॉट्सॲपवर प्रत्येकाला एकच प्रश्न टाकतो: या दिवसांत कोणाला भेटलीस, आणि कोणाशी खोटं बोललीस? दोन ओळी पुरतात. तेवढ्यात माझा खलनायकही एक पाऊल पुढे सरकतो.

आमच्या रोगने एकदा लिहिलं, “धाकट्या बहिणीला पैसे पाठवते, धंदा काय ते सांगत नाही.” चार सेशननंतर ओलिसांच्या यादीत ती बहीण होती. त्या रात्री टेबलावर कोणीही फोन उचलला नाही, आणि पहिल्यांदाच पार्टीने लढायच्या आधी बोलणी करून पाहिली.