आधी निदान, मग पाना

प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलून गाडी गॅरेजबाहेर पडते आणि ताशी ऐंशीच्या वेगाला पायाखालचा पत्रा थरथरू लागतो. मालक म्हणतो, काम नासवले. मिस्त्री म्हणतो, चाके बॅलन्स करून घ्या. दोघेही अंदाजच बांधत असतात, खिसा मात्र मालकाचा हलका होतो. बॅलन्सिंग होते, टायर बदलतात, इंजिनाचे माउंटिंग बदलते. थरथर आहे तिथेच राहते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा हा कारभार थांबवायचा, तर निदान हे दुरुस्तीपेक्षा वेगळे काम मानून त्याची मजुरी वेगळी द्यायला हवी.

थरथर आपला पत्ता स्वतःच सांगत असते. ताशी 80 किलोमीटरला दोन मीटर घेराचे चाक सेकंदाला सुमारे 11 फेरे घेते. बोलेरो, सुमोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियलचे प्रमाण चारास एक धरले, तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट सुमारे 44 फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष संथ हेलकाव्यासारखा स्टिअरिंगला किंवा सीटला जाणवतो, तर शाफ्टचा दोष बारीक, जलद कंपनासारखा पायाला लागतो. गाडी उभी ठेवून इंजिनाचे फेरे तेवढेच वाढवल्यावर थरथर आली, तर संशय इंजिन आणि माउंटिंगवर जातो. अॅक्सिलरेटर दाबताना येते आणि पाय काढताच ओसरते, ती थरथर जोडांकडे, कोनांकडे किंवा माउंटिंगकडे बोट दाखवते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत अशा वेळी एक्सलचा आतला जॉइंट आधी तपासावा. वळताना कटकट आवाज आला, तर बाहेरचा.

दुरुस्तीनंतरच थरथर सुरू झाली, म्हणजे चूक दुरुस्तीचीच, हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. शाफ्ट उतरवताना खुणा केल्या नाहीत आणि तो बसवताना स्प्लाइनचा एखादा दात चुकला, तर दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. क्रॉस जोड कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. एका जोडाने केलेला हा चढउतार दुसऱ्याने पुसावा, अशी मूळ रचना असते. योक चुकले की ती मोडते. त्यामुळे पहिला जाब दुरुस्ती करणाऱ्यालाच विचारावा. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडू शकते, हेही खरे. म्हणून जाब विचारायचा तोही तपासणी करूनच. ‘शाफ्ट मशीनवर बॅलन्स केला आहे’ हे उत्तरही पुरेसे नाही. त्या मशीनला वजनातला असमतोल कळतो, गाडीखालचा कोन कळत नाही.

ग्राहक ट्रायलचे पैसे देत नाही, ही मिस्त्रींची तक्रार रास्त आहे. सुट्या भागाची किंमत आपण मुकाट्याने देतो आणि डोके चालवल्याची मजुरी मागितली की घासाघीस करतो. मग गॅरेजलाही भाग बदलणेच परवडते. बिलात तपासणीची स्वतंत्र ओळ असावी आणि तिच्यापुढे थरथर कोणत्या वेगाला, कोणत्या गियरमध्ये, जोर असताना की नसताना येते, ते लिहिलेले असावे. दोष दुरुस्तीतच निघाला, तर ती रक्कम गॅरेजने सोडावी. चाचणीला सपाट रस्ता आणि थोडा वेळ लागतो. विनाकारण बदललेल्या टायरच्या जोडीपेक्षा हा सौदा दोघांनाही स्वस्तच पडेल.