पिकअप उंच करू नका, मूळ उंचीवर आणा

शहरात थार किंवा हायलक्स घेणारा हौसेने लिफ्ट किट बसवतो. गावाकडे हौस नसते, अडचण असते. कांदा, दूध, चारा, खत, पाण्याच्या टाक्या, सगळं एकाच पिकअपवर. दोन-तीन हंगामांत मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, बसतात आणि मग अंगणातच जॅक लावून गाडी वर घ्यायचं ठरतं. जास्तीचे एक-दोन पाटे, पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा, लांब यू-बोल्ट, लांब शॅकल. दुपारपर्यंत गाडी तीन-चार इंच उठते आणि बघणारे म्हणतात, आता कशी गाडी दिसतेय! माझं स्पष्ट म्हणणं आहे की हे करू नये. घरी नाही आणि गॅरेजमध्येही नाही. मात्र शेतकऱ्याने पान्याला हातच लावू नये, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीलाही मी बसणार नाही. त्यांचाही समाचार पुढे घेणार आहे.

आधी समर्थकांची बाजू पुरती मांडतो, कारण ती हलकी नाही. ते म्हणतात, शिवारातल्या वाटेवर दगड खालून लागतात, म्हणून गाडी उंच हवी. माल जास्त असतो, म्हणून पाटे जास्त हवेत. गॅरेजवाला दिवसभर गाडी अडकवतो आणि वर पैसे घेतो, म्हणून घरचं काम बरं. आणि शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यांत वजनदार वाटतो: ज्या नगर तालुक्यात हिवरे बाजारने श्रमदानातून डोंगर हिरवा केला, तिथल्या माणसाने चार यू-बोल्ट आवळण्यासाठी दुसऱ्याच्या दारात का जावं?

पहिला मुद्दा दगडाचा. रिकामी पिकअप सपाट जागी उभी करा, खाली वाका आणि मागच्या एक्सलच्या मधोमध असलेला डिफरेन्शिअलचा गोळा बघा. गाडीचा मागचा सगळ्यांत खालचा भाग तोच. जमिनीपासून त्या गोळ्यापर्यंत टेप लावून आकडा लिहून ठेवा. आता पाट्याखाली तीन इंचांचा ठोकळा घाला आणि पुन्हा टेप लावा. आकडा तोच येईल, सुतभरही फरक पडणार नाही. कारण एक्सल चाकांवर उभा आहे आणि पाटे एक्सलवर. पाटे उचलले की चेसिस, केबिन आणि हौदा वर जातात, एक्सल आणि त्याचा गोळा जिथल्या तिथे राहतो. वाटेतला दगड आधी ज्याला घासत होता त्यालाच पुढेही घासणार. गोळा वर उचलायचा तर मोठे टायरच लागतात, आणि टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर गोळा एकच इंच उठतो. मोठ्या टायरने स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, इंजिनवर आणि ब्रेकवर ताण येतो, ते वेगळंच. पाटे उचलल्याने चेसिसची मधली पोटाची बाजू आणि मागचं टोक थोडं सुटतं, एवढा फायदा मी मान्य करतो. पण ज्या कारणासाठी खटाटोप केला ते कारण जागेवरच राहिलं.

दुसरा मुद्दा मालाचा, आणि खरी गोम इथेच आहे. पाटे वाढवले की गाडीची ताकद वाढते, ही समजूत घराघरांत बसली आहे. पाट्याचं काम भार तोलण्याचं आणि हादरे पचवण्याचं. पण गाडी किती माल नेऊ शकते हे पाटे एकटे ठरवत नाहीत. एक्सल, चाकाचे बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसिस मिळून ठरवतात. पिकअपची भारक्षमता मॉडेलप्रमाणे साधारण सव्वा ते दोन टन. दीड टनाच्या गाडीत पन्नास किलोच्या ३० गोण्या झाल्या की हिशेब पुरा होतो. बाजाराच्या दिवशी त्यावर आणखी २० गोण्या चढतात, म्हणजे जास्तीचा एक टन. बसलेले पाटे त्याची चुगली तरी करतात. गाडी मागे दबलेली दिसते आणि चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पाटे वाढवले की गाडी सरळ उभी दिसते, मनातली धास्ती जाते, आणि बेअरिंग व टायर मुकाट्याने तेच ओझं वाहत राहतात.

याहून वाईट गोष्ट ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला जाणारा दाब भाराप्रमाणे कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात. तो चेसिसवर बसवलेला असतो आणि एका दांडीने मागच्या एक्सलशी जोडलेला असतो. हौद्यात माल आला की चेसिस खाली येतो, दांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. आता गाडी चार इंच वर घेतली आणि ही दांडी तशीच सोडली, तर दोन टन कांदा लादूनही व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा ताण पुढच्या चाकांवर येतो आणि उतारावर गाडी थांबायला हवी तिथे थांबत नाही. अंगणात गाडी वर घेणाऱ्या किती जणांनी ही दांडी कधी पाहिली आहे? ब्रेकच्या रबरी पाइपचीही तीच गत. चेसिस वर गेला की तो ताणला जातो. खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबलं की आणखी ताणला जातो. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर झिजतो, वेगात गाडी थरथरते. पुढची बाजू उचलली तर स्टेअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडतो आणि खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढते.

तोल जाण्याचं गणित अगदी सोपं आहे. गाडी वळणावर उलटायला किती जोर लागेल हे मुख्यतः दोन आकड्यांवर ठरतं: दोन चाकांमधल्या आडव्या अंतराचा निम्मा भाग आणि भाराच्या मध्याची जमिनीपासून उंची. धरून चालू की चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर आणि कांदा भरलेल्या गाडीच्या भाराचा मध्य ९० सेंटिमीटरवर आहे. सत्तर भागिले नव्वद, म्हणजे ०.७८. गाडी चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर वर घेतली की सत्तर भागिले शंभर, ०.७०. दहावा हिस्सा तोल अंगणातच गमावला. वर गोण्यांची थप्पी आणखी दोन थर उंच गेली तर हिशेब पुन्हा करावा लागेल, आणि तो दरवेळी तोट्याचाच येईल.

आता घरच्या कामाबद्दल. पाट्यांची गड्डी ही ताणलेली वस्तू आहे. मधला सेंटर बोल्ट सैल करताना गड्डी शिकंज्यात धरलेली नसेल, तर शेवटचा आटा सुटताच पाटे उसळून एकमेकांपासून फाकतात आणि बोटं मधे सापडतात. काळ्या जमिनीवर लावलेला जॅक भाराखाली हळूहळू धसतो, आणि गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरणारा माणूस स्वतःच्या जिवाचा जुगार खेळतो. खाली भक्कम लाकडी फळी, चेसिसखाली दोन घोड्या, चाकांना अडसर, एवढं केल्याशिवाय गाडीखाली डोकं घालू नये. वेल्डिंगची तर बंदीच असावी. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने त्या जागचं पाणी उतरतं आणि पाटा नेमका तिथेच तुटतो. तरीही मागच्या बाजूला ठोकळ्यावर ठोकळा ठेवून वेल्ड मारणारे आहेत. ठोकळा जितका उंच तितका ब्रेक मारताना एक्सल गर्रकन पिळवटण्याचा जोर जास्त. लांब शॅकलबद्दल एवढंच सांगतो की शॅकल चार इंच वाढवला तर गाडी साधारण दोनच इंच उठते, आणि डिफरेन्शिअलचं तोंड मात्र फिरतं.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण कायद्याच्या धाकाने कोणी थांबावं असं मला वाटत नाही, गणिताने थांबावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीच्या वेळी उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा ठामपणे अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जास्त माल नेला तर कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद घालायला हातात कागद उरत नाही, ही सगळ्यांत महाग शिक्षा.

इथवर वाचून काहींना आनंद होईल. हेच तर आम्ही सांगत होतो, म्हणतील. शेतकऱ्याने गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्यावी. त्यांचं म्हणणंही मला मान्य नाही. नांगराच्या फाळाला पाणी देणारा, विहिरीवरची मोटर स्वतः उतरवणारा, ट्रॅक्टरचा क्लच बांधावर बदलणारा माणूस यू-बोल्ट आवळू शकत नाही, हे म्हणणं अपमानाचं आहे. पाट्यांची देखभाल घरी व्हायला हवी, आणि ती वर्कशॉपपेक्षा घरीच चांगली होते, कारण ज्याची गाडी त्यालाच तिची रोजची कुरकुर ऐकू येते. हात कुशल आहेत. कामाची निवड चुकते.

आणि म्हणूनच हिवरे बाजारचा दाखला समर्थकांच्या बाजूने पडत नाही, माझ्या बाजूने पडतो. वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं, १९७२च्या दुष्काळाने कंबरडं मोडलेलं हे गाव. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, १९९४मध्ये गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आलं, डोंगरउतारावर श्रमदानातून समतल चर खोदले गेले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली गेली. लोक श्रमदान ऐकतात आणि तिथेच थांबतात. पण चर खोदण्याआधी समपातळीची रेष आखावी लागते. रेष उताराला लागली तर पाणी एका टोकाला धावून बांध फोडतं आणि सगळे घामाचे दिवस वाया जातात. त्याहून मोठी गोष्ट पाण्याच्या ताळेबंदाची. पडलेला पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि उरेल त्यात बसेल तेच पीक घ्यायचं. ऊस-केळी टाळायची, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. पाणी कमी पडलं म्हणून बोअर खोल नेणं आणि माल जास्त झाला म्हणून पाटे वाढवणं, या दोन्हींत चूक एकच आहे: मर्यादा मोजायची नाही आणि साधन ताणत राहायचं. हिवरे बाजारने पाण्याच्या बाबतीत ही चूक टाळली म्हणून तिथे चारा आला, चाऱ्याने दूध आलं. नव्वदच्या दशकात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेलं दूध पुढे हजारांत गेलं. पिकअप हे त्या दुधाचं आणि त्या कांद्याचं वाहन आहे. ती गाडीही त्याच शिस्तीने वापरली पाहिजे.

तेव्हा घरी काय करावं? गाडी मूळ उंचीवर आणावी. सपाट जागी, रिकामी गाडी, चारही टायरांत योग्य हवा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी लिहा, आणि त्याच मॉडेलच्या नव्या गाडीशी ताडून बघा. एक बाजू दुसरीपेक्षा खाली असेल तर पाटा थकलाय किंवा तुटलाय. पाटे पुसून सेंटर बोल्टजवळ नीट बघा. गंजाची बारीक तांबूस रेघ आडवी गेली असेल तर ती चीर आहे. मागचं चाक कमानीच्या मध्यात नसून पुढे-मागे सरकलेलं दिसलं तर सेंटर बोल्ट गेला असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते. शॅकलचे बुश हलतात का, ग्रीस जातं का, शॉकअपमधून तेल गळतंय का, हे बघायला वर्कशॉप लागत नाही. पाटे थकले असतील तर कंपनीच्या मापाचा नवा संच घाला. ठोकून कमान काढलेले पाटे पुन्हा बसतात, आणि त्यांचं पाणी किती टिकलंय हे कोणालाच सांगता येत नाही. यू-बोल्ट एकदा काढले की नवे घाला, चाकं जमिनीवर टेकवून आवळा, आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावा. हे एवढं केलं तर बसलेली गाडी दोन-अडीच इंच आपोआप वर येते. तीच तिची हक्काची उंची.

राहिला रस्ता. गाडीला दगड लागतो म्हणजे वाटेत दगड आहे. पाणंद रस्त्याची वाट लागते ती मुख्यतः पाण्याने: बाजूला चारी नाही, मधे मोरी नाही, पावसाळ्यात पाणी वाटेवरूनच वाहतं आणि मुरूम धुऊन गोटे उघडे पाडतं. राज्य सरकारने २०२१मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना रोजगार हमीशी जोडून आणली ती याच कामासाठी. तुमच्या गावाची वाट त्यात बसते का हे ग्रामसेवकाला विचारा. बसत नसेल तर दिवाळीनंतर, कांदा निघण्याआधी, वाटेच्या दोन्ही कडांना चारी काढायचा ठराव ग्रामसभेत मांडा, आणि त्याच ठरावात दुसरं कलम घाला: नगरजवळच्या नेप्तीच्या कांदा उपबाजाराला जाणारी प्रत्येक पिकअप आधी वजनकाट्यावर जाईल, आणि पासिंगच्या आकड्याबाहेरची गोणी दुसऱ्या खेपेला.