शक्तिपीठ महामार्ग तुळजापूर जोडणार, पण जवळच्या नळदुर्गचं काय?

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचं नाव काढलं की परभणी जिल्ह्यात पहिला प्रश्न येतो तो जमिनीचा. पेडगावसारख्या गावाला तुळजापूर परकं नाही, अनेक घरांची कुलदेवीच तुळजाभवानी. पण देवीच्या रस्त्यासाठी रान द्यायचं का, यावर जिल्ह्यात मोजणीच्या वेळी जोरदार विरोध झाला. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि इतर खर्चासाठी 20,787 कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली.

या वादात एका जुन्या ठिकाणाचा उल्लेख क्वचितच होतो. तुळजापूरहून साधारण 35 किलोमीटरवर, सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत नळदुर्ग आहे. तेलंगणा, कर्नाटकातून येणारे कितीतरी भाविक इथूनच तुळजापूरकडे वळतात.

किल्ला इथेच का?

मुलूख दुष्काळी, आणि आधाराला उंच डोंगरही नाही. मग बोरी नदीलाच कामाला लावलं गेलं. बहमनींनंतर किल्ला आदिलशाहीत आला आणि दगडी तटबंदी उभी राहिली. 1613 मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, नदीवर बंधारा बांधून त्याच्या पोटात पाणी महाल काढला. वरून पाणी कोसळत असतं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो! पाणी साठलं, खंदकाचं काम झालं आणि राजाची हौसही भागली.

रस्त्यामुळे नळदुर्गचं महत्त्व टिकलं. 1853 मध्ये निजामाने हा भाग इंग्रजांकडे सोपवल्यावर मेडोज टेलर इथे कारभार पाहू लागला. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि नळदुर्ग सर केलं. परभणीसह सगळा मराठवाडा ज्या कारवाईने निजामाच्या राजवटीतून सुटला, तिची पहिली मोठी चकमक ही.

यात्राही इथली स्वतःची आहे. खंडोबाची मूर्ती वर्षातला काही काळ नळदुर्गात आणि उरलेला अणदूरला असते. त्यासाठी दोन्ही गावांत चक्क लेखी करार होतो.

मग अडचण कुठे आहे?

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. तो विषय मराठा लष्करी स्थापत्याचा, त्यामुळे नळदुर्ग त्यात नसणं समजण्यासारखं आहे. पण मराठवाड्यातला एकही किल्ला त्यात नाही. निधी आणि प्रसिद्धी यादीमागे धावतात, हे उघड आहे. नळदुर्गची देखभाल सरकारने संगोपन योजनेत खासगी कंपनीकडे दिली. त्यातून बागा आणि पर्यटकांसाठी सोयी झाल्या. माझ्या मते खरी कसोटी मात्र चारशे वर्षं पाण्याचा मारा सोसणाऱ्या त्या बंधाऱ्याची आहे.

गर्दी तरी कधी होते? वरचं बोरी धरण भरून सांडलं की नर-मादी धबधबे सुरू होतात आणि रील्सवर नळदुर्ग दिसू लागतं. पाऊस कमी झाला, तर त्या वर्षी तेही नाही.