पावसात टचस्क्रीन वेड्यासारखी का वागते? महाड-पोलादपूरकरांसाठी हा प्रश्न साधा नाही

भर जुलैत पोलादपूरला एसटीची वाट बघताना खिशातून फोन काढला की काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. स्क्रीनवर चार थेंब पडतात आणि फोनच्या अंगात येतं. दाबावं एक, उघडतं भलतंच. एरवी आपण फोन शर्टाला पुसतो आणि विसरतो. पण २२ जुलै २०२१ चा दिवस आठवा. महाड शहर सावित्री आणि गांधारीच्या पाण्यात गेलं, तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसं गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. अशा दिवशी रेंजची एक काडी जरी मिळाली, तरी ११२ लावता आला पाहिजे. आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन ओली असते.

त्यानंतर आपत्तीचा इशारा थेट मोबाईलवर पाठवायची यंत्रणा आली. २०२३ मधल्या चाचणीत अचानक किंचाळलेला फोन तुम्हाला आठवत असेल. इशारा फोनपर्यंत पोहोचेल हो, पण ओल्या हाताने त्याच फोनवरून मदत मागता येईल का, यावर फारसं कोणी बोलत नाही.

टचस्क्रीन म्हणजे मुळात बारीक बारीक कपॅसिटरची चादर. काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या वाहक रेषांची आडवी-उभी जाळी असते. दोन रेषा जिथे एकमेकींवरून जातात, तिथे एक कपॅसिटर तयार होतो. मधल्या विद्युतरोधक थरातून करंट जात नाही, पण विद्युत क्षेत्र आरपार जातं. तुमचं बोट जवळ आलं की ते यातलं थोडं क्षेत्र स्वतःकडे ओढून घेतं, त्या जागची क्षमता किंचित घटते आणि चिपला कळतं की बोट इथे आहे.

आता खरी गंमत. या क्षेत्राच्या वाटेत कोणता पदार्थ आहे, यावर कपॅसिटरची क्षमता बदलते. मायकेल फॅरडेने हे १८३७ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. या गुणाला डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणतात. हवेचा जवळपास १, पॉलिथीनचा २.३ च्या आसपास, फोनच्या काचेचा साधारण ७. आणि पाण्याचा? तब्बल ८०! त्यामुळे जाळीवर एकटा थेंब बसला तर क्षमता घटायच्या ऐवजी वाढते, म्हणजे बोटाच्या बरोबर उलटा सिग्नल. पाणी पसरून हाताला टेकलं तर आणखी घोळ, कारण मग तो अख्खा ओघळच चिपला बोट वाटू लागतो. घामाचं किंवा पुराचं क्षारयुक्त पाणी तर करंटही वाहून नेतं.

म्हणून आपण फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालतो. बरोबरच आहे, पण पिशवी फुगलेली असेल तर टच लागत नाही आणि आपण प्लास्टिकला शिव्या घालतो. दोष प्लास्टिकचा नसून आतल्या हवेचा आहे. हिशोब करून बघा: अर्धा मिलिमीटर हवेची पोकळी म्हणजे फोनच्या दृष्टीने साडेतीन मिलिमीटर जाड काच. हवा काढून टाका, पिशवी स्क्रीनला चिकटू द्या, वरचं पाणी पुसा, मग बोट चालेल. जाड टेम्पर्ड ग्लास लावली असेल तर सेटिंगमधली टच सेन्सिटिव्हिटी वाढवा.

जाहिरातीतल्या आयपी६८ वर मात्र भुलू नका. पाणी फोनच्या आत शिरणार नाही, एवढंच ते सांगतं. ओल्या स्क्रीनवर टच चालेल, असं ते कुठेही म्हणत नाही. वनप्लस, रियलमीसारख्या कंपन्या आता पावसात चालणारा टच म्हणून फोन विकतात. तिथे सॉफ्टवेअर थेंबाचा आणि बोटाचा सिग्नल वेगळा ओळखायचा प्रयत्न करतं. रिमझिम पावसात उपयोग होतो, पण मुसळधार कोसळत असताना त्यावर विसंबू नये, असं माझं मत.

बटणाला कपॅसिटरशी देणंघेणं नसतं. अँड्रॉइड १२ पासूनच्या बऱ्याच फोनमध्ये पॉवर बटण पटापट पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल लागतो. सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी एसओएस' शोधून ते आजच चालू करा. काही फोन पाच वेळा दाबल्यावरही स्क्रीनवर बोट धरून ठेवायला सांगतात. तिथे आपोआप कॉल लागण्याचा पर्याय निवडा, नाहीतर पुन्हा त्याच ओल्या काचेशी गाठ. आणि गंमत म्हणून दाबून बघू नका, कॉल खरंच लागतो.